निबंधात प्रश्न विचारताय? एपीए स्टाईलमध्ये प्रश्नचिन्ह नेमकं कुठे येतं ते पाहा

कॉलेजचा प्रोजेक्ट, सेमिनार पेपर, निबंध हे सगळं हल्ली आपल्यातले बरेच जण मोबाईलवरच टाइप करतात. मीही केलं. शेवटच्या वर्षाचा अख्खा प्रोजेक्ट सहा इंची स्क्रीनवर लिहिला आणि फक्त प्रिंट काढायला लोहाऱ्याला गेले. विषय घरचाच होता, ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आणि आमचं सास्तूर.

तपासून परत आला तेव्हा पहिल्याच वाक्याला लाल गोल होता आणि समासात तीन शब्द लिहिले होते: “हा प्रश्न कुणाचा?”

माझं ते वाक्य असं होतं: “सास्तूरच्या माणसांना भूकंपाने मारले, की त्यांच्याच घरांच्या भिंतींनी?” मला वाटलं होतं, सुरुवात दणदणीत झाली. सरांकडे गेले आणि म्हटलं, “सर, संदर्भ माहितीला देतात ना? हा तर नुसता प्रश्न आहे.”

“तुला सुचला का?”

“नाही. शेजारच्या आजी बोलल्या होत्या.”

“मग?”

त्या “मग?” वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर एपीएचे नियम नीट वाचले, सगळे प्रश्न पुन्हा तपासले, आणि त्यातून जे कळलं ते इथे मराठीतून सांगते. नेटवर यावर इंग्रजीत भरपूर आहे. पण ते वाचून मराठी वाक्यात प्रश्नचिन्ह कुठे ठोकायचं हे कळत नाही, कारण आपली वाक्यरचनाच वेगळी आहे.

आधी एपीए म्हणजे काय, दोन मिनिटांत

एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन. संशोधनाचं लेखन एकसारखं दिसावं म्हणून या संस्थेने १९२९ साली आपल्या एका नियतकालिकात सात पानांच्या सूचना छापल्या. त्याच वाढत वाढत आज जाडजूड मॅन्युअल झालंय. सध्या सातवी आवृत्ती चालते. ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली, पुस्तकावर वर्ष २०२० आहे. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य अशा विषयांत हीच स्टाईल जास्त मागतात. भाषा-साहित्यवाले बहुधा एमएलए वापरतात, इतिहासात शिकागो चालते. तुमच्या विभागाने काय सांगितलंय ते आधी विचारून घ्या, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

एपीएचा गाभा सोपा आहे. दुसऱ्याचं काही घेतलं की लगेच कंसात आडनाव आणि वर्ष द्यायचं. शब्द जसेच्या तसे घेतले तर पान क्रमांकही द्यायचा. शेवटी संदर्भसूचीत त्या लेखाचा किंवा पुस्तकाचा पूर्ण पत्ता.

आता “दुसऱ्याचं काही” यात प्रश्नही येतो. माझी चूक इथेच झाली. आकडा उचलला, व्याख्या उचलली तर संदर्भ द्यायचा हे आपल्याला पाठ असतं. प्रश्न मात्र हवेतून आल्यासारखा वाटतो. खरं तर चांगला प्रश्न सापडणं हे संशोधनातलं निम्मं काम असतं. आजींचा तो प्रश्न मी प्रमाण भाषेत बसवला, शब्द बदलले, “मारलं” चं “मारले” केलं. तेवढ्याने तो माझा झाला नाही.

प्रश्नचिन्ह कुठे? आधी प्रश्न कुणाचा ते ठरवा

मोडीत कागद लिहिले जायचे तेव्हा प्रश्नचिन्ह नव्हतंच. विरामचिन्हं मराठीत इंग्रजी अमदानीत आली. ती रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्यामुळे चिन्ह उसनं, वाक्य आपलं, असा मामला आहे. म्हणून जरा थांबून विचार करावा लागतो.

समजा एका पुस्तकात लेखकाने प्रश्न विचारलाय. पुस्तक काल्पनिक, लेखकाचं नाव “आडनाव” धरू. प्रश्न आहे: भिंत पडली की पाडली?

पहिला प्रकार. प्रश्न लेखकाचा आहे आणि तुम्ही तो जसाच्या तसा घेताय. मग प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत राहतं, त्यानंतर अवतरणचिन्ह बंद, मग कंस, आणि वाक्य तिथेच संपत असेल तर कंसानंतर पूर्णविराम.

लेखकाचा सवाल थेट आहे: “भिंत पडली की पाडली?” (आडनाव, २००५, पृ. १२).

प्रश्नचिन्ह आणि पूर्णविराम दोन्ही? हो, दोन्ही. प्रश्नचिन्ह लेखकाचं, पूर्णविराम तुमचा. इंग्रजी पुस्तकात पानासाठी “पी.” लिहितात, मराठी निबंधात “पृ.” चालतं. फक्त पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकच ठेवा.

दुसरा प्रकार. लेखकाचं वाक्य साधं विधान आहे आणि त्यावर प्रश्न तुम्ही विचारताय. तेव्हा प्रश्नचिन्ह अवतरणाच्या बाहेर, वाक्याच्या अगदी शेवटी.

“भिंत पाडली गेली” (आडनाव, २००५, पृ. १४) हे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे?

इथे प्रश्नचिन्ह चुकून आत गेलं तर अर्थच फिरतो. लेखकाने ठामपणे म्हटलेली गोष्ट तुम्ही त्याच्या तोंडी शंका म्हणून घातली, असं होतं.

आता आपल्या मराठीची गंमत. इंग्रजीत “तो म्हणाला” आधी येतं आणि अवतरण वाक्याच्या शेवटी. त्यामुळे इंग्रजी गाईडमधली बहुतेक उदाहरणं वाक्याच्या शेवटाची असतात. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून अवतरण बरेचदा वाक्याच्या मध्यात येतं. अशा वेळी कंस अवतरणाला लागून टाका आणि वाक्य तसंच पुढे न्या. मध्ये पूर्णविराम नको.

“भिंत पडली की पाडली?” (आडनाव, २००५, पृ. १२) असा प्रश्न लेखक विचारतो.

आणि लेखकाच्या प्रश्नावर आपलाही प्रश्न असेल तर?

“भिंत पडली की पाडली?” (आडनाव, २००५, पृ. १२) हा प्रश्न लेखकाला याच गावात का पडला?

दोन प्रश्नचिन्हं, दोन मालक. मराठीत हे छान बसतं, कारण दोघांमध्ये वाक्याचा भाग आहे. एकाला एक चिकटवून “??” मात्र कधीच नाही. ते व्हॉट्सॲपसाठी राखून ठेवा.

तिसरा प्रकार, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात. प्रश्न आपल्या शब्दांत सांगितला, म्हणजे अप्रत्यक्ष प्रश्न. इथे प्रश्नचिन्ह येतच नाही.

भिंत आपोआप पडली की कुणी पाडली, याचा शोध लेखकाने घेतला आहे (आडनाव, २००५).

वाक्यात “की”, “का”, “कसे” दिसलं की बोट आपोआप प्रश्नचिन्हाकडे जातं. “भूकंप का झाला हे पाहणे हा या अभ्यासाचा उद्देश आहे?” असं वाक्य मी स्वतः लिहिलं होतं. मोठ्याने वाचून पाहा, उद्देशाबद्दल मलाच शंका आहे असं वाटतं.

मोठा उतारा घेतला, ४० किंवा त्याहून जास्त शब्दांचा, तर एपीएत तो वेगळ्या परिच्छेदात, डावीकडून आत सरकवून आणि अवतरणचिन्हांशिवाय देतात. असा उतारा प्रश्नाने संपत असेल तर प्रश्नचिन्ह, मग कंस, आणि कंसानंतर काहीही नाही. पूर्णविरामही नाही.

रेकॉर्डिंगमध्ये प्रश्नचिन्ह ऐकू येत नाही

माझ्या प्रोजेक्टचा जीव मुलाखतींमध्ये होता. माझा जन्म भूकंपानंतर बारा वर्षांनी झाला. गणपती विसर्जनाची ती रात्र, पहाटे चारच्या सुमाराला हादरलेली जमीन, हे मी फक्त ऐकलेलं. सुमारे दहा हजार माणसं गेली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावांना नव्या जागी वसवावं लागलं. हे आकडे कुठेही मिळतात. माणसं काय म्हणतात ते मात्र गावातच मिळतं. म्हणून फोनचा रेकॉर्डर चालू करून मी सहा जणांशी बोलले.

ऐकून लिहायला बसले आणि अडकले. आजींचं एक वाक्य होतं: “गाव सोडून जायचं का.” आता हे काय आहे? आपला “का” भारी खोडकर शब्द. “आलास का” मध्ये तो हो-नाही विचारतो, “का आलास” मध्ये कारण विचारतो, आणि आमच्याकडे “चहा का कॉफी” मध्ये तो “किंवा” होतो. लिहिणाऱ्याने चिन्ह टाकलं की अर्थ ठरतो. मी “गाव सोडून जायचं का?” लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, आजींचं मन दोलायमान होतं. चार वेळा रेकॉर्डिंग ऐकलं, ठरेना. शेवटी त्यांच्याकडेच गेले आणि त्यांनाच ऐकवलं.

“अगं, जायचंच नव्हतं मला,” त्या म्हणाल्या. “रागानं बोलले ती.”

मग मी प्रश्नचिन्ह ठेवलं, कारण वाक्याचं रूप प्रश्नाचंच आहे. पण पुढच्या वाक्यात लिहिलं की हा प्रश्न नव्हता, नकार होता, आणि हे त्यांनी स्वतः स्पष्ट केलं. टोन कागदावर उतरत नाही, तो शब्दांत सांगावा लागतो. शक्य असेल तेव्हा बोलणाऱ्यालाच विचारा. फोन लावायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक. बोलीतला प्रश्न “सुधारू” नका. आजी मूळ म्हणाल्या होत्या, “आमाला भूकंपानं मारलं का आमच्याच भितींनी?” अवतरणात घ्यायचं तर हेच शब्द, याच रूपात. एपीएचा नियमही तोच आहे, अवतरण म्हणजे मूळ शब्द. आणि तिथे “मूळ चूक तशीच ठेवली आहे” अशी टीप लावायची गरज नाही, कारण ती चूक नाहीच. ती आमच्याकडची मराठी आहे.

आता संदर्भ कसा द्यायचा? एपीएत यासाठी दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

एखाद्या जाणकाराशी तुम्ही माहितीसाठी बोललात, ते संभाषण इतर कुणाला सापडणार नाही, पण नाव द्यायला त्यांची हरकत नाही. याला “वैयक्तिक संवाद” म्हणतात. मजकुरातच लिहायचं: (अ. ब. आडनाव, वैयक्तिक संवाद, १० ऑगस्ट २०२५). इथे आद्याक्षरं आधी, आडनाव नंतर, आणि पूर्ण तारीख. संदर्भसूचीत नोंद करायची नाही, कारण वाचकाला तिथे पोहोचायचा मार्गच नाही.

दुसरा रस्ता, तुम्ही स्वतः अभ्यासासाठी मुलाखती घेतल्या. मग ती माणसं तुमच्या संशोधनातली सहभागी होतात. त्यांची वाक्यं “वैयक्तिक संवाद” म्हणून दाखवायची नाहीत, संदर्भसूचीतही नाहीत. अभ्यासपद्धतीच्या भागात मुलाखती कशा, किती जणांच्या घेतल्या ते सांगायचं आणि मजकुरात नाव न देता ओळख द्यायची.

मी आजींना विचारलं, “तुमचं नाव घालू का?”

“नाव नको बाई. प्रश्न राहू दे.”

म्हणजे रस्ता दुसरा. नवं पहिलं वाक्य असं झालं: “आमाला भूकंपानं मारलं का आमच्याच भितींनी?” असे सास्तूर येथील एका ज्येष्ठ महिलेने मुलाखतीत विचारले. कंस नाही, वर्ष नाही, तरी मालक स्पष्ट. छोट्या गावात “ज्येष्ठ महिला, अमुक गल्ली, घरातली इतकी माणसं गेली” एवढं लिहिलंत तर नाव न देताही अख्खं गाव ओळखतं. तेवढा तपशील टाळा.

एका शीर्षकातलं हरवलेलं प्रश्नचिन्ह

आता माझी दुसरी चूक. ही शुद्ध टेक्निकल होती आणि मला वाटतं तुमच्यापैकी कितीतरी जणांची होत असेल.

आमच्या भूकंपावर १९९६ साली “जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च” मध्ये सीबर, एकस्ट्रॉम, जैन, मूर्ती, चांदक आणि आर्मब्रुस्टर या सहा जणांचा पेपर आला. शीर्षक आहे: “द १९९३ किल्लारी अर्थक्वेक इन सेंट्रल इंडिया: अ न्यू फॉल्ट इन मेसोझोइक बसॉल्ट फ्लोज?” शेवटी प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे शास्त्रज्ञ विचारतायत, बसॉल्टच्या या जुन्या थरांमध्ये हा नवा भ्रंश तयार झाला की काय? त्यांनी शीर्षकातच शंका मोकळी ठेवली आहे.

मी पीडीएफ डाउनलोड केली, सेव्ह केली आणि सूची बनवताना शीर्षक फाइलच्या नावावरून उचललं. गडबड अशी की विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. ते बंदी असलेल्या चिन्हांपैकी एक आहे. म्हणून फाइल सेव्ह होताना ते गळतं किंवा त्या जागी आडवी रेघ येते. माझ्या सूचीत शीर्षक झालं “अ न्यू फॉल्ट इन मेसोझोइक बसॉल्ट फ्लोज.” आणि त्या भरात मी आत लिहूनही टाकलं की शीर्षकात नवा भ्रंश असल्याचं सांगितलंय. एक टिंब-आकडा गेला आणि सहा जणांची शंका माझ्याकडे निष्कर्ष बनली.

म्हणून शीर्षक नेहमी पेपरच्या पहिल्या पानावरून किंवा जर्नलच्या वेबसाइटवरून घ्या. गुगल स्कॉलरवर शोधनिकालाखाली अवतरणचिन्हासारखं आयकॉन असतं, त्यावर टॅप केलं की तयार एपीए नोंद मिळते. सोय चांगली आहे, पण ती नोंद मशीनने बनवलेली असते. प्रश्नचिन्ह आहे ना, इंग्रजी शीर्षकात पहिल्या शब्दाचं, विसर्गचिन्हानंतरच्या शब्दाचं आणि विशेषनामांचं अक्षरच मोठं आहे ना, नावं पूर्ण आहेत ना, हे स्वतः बघा.

सूचीत अशा शीर्षकाची शेपटी कशी दिसते? ...बसॉल्ट फ्लोज? जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च, १०१(बी४), ८५४३–८५६०. शीर्षकानंतर एरवी पूर्णविराम येतो, पण प्रश्नचिन्ह असेल तर तेच पुरतं, पूर्णविराम जोडायचा नाही. मुख्य शीर्षक प्रश्नाचं असून पुढे उपशीर्षक असेल तर मधलं विसर्गचिन्हही गळतं, प्रश्नचिन्हच दोघांना वेगळं करतं. मजकुरात मात्र सहा नावं लिहायची नाहीत. तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्याचं आडनाव आणि “व इतर”: (सीबर व इतर, १९९६).

शोधताना अजून एक लक्षात ठेवा. हाच भूकंप कुठे “किल्लारी”, कुठे “लातूर” नावाने आहे. दोन्ही नावांनी शोधा. सास्तूर धाराशिव जिल्ह्यातलं, त्यामुळे आमचं गाव दोन्ही नावांत नाही, ते सोडा. आणि परदेशी पेपरमध्ये तारीख २९ सप्टेंबर दिसली तर घाबरू नका. ते आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ धरतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपली ३० तारखेची पहाट तिथे २९ ची रात्र. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाचंही तसंच, कुठे १० डिसेंबर, कुठे ११. “स्रोतांमध्ये तारखेबाबत मतभेद का आहेत?” असा प्रश्न मी जवळजवळ लिहिलाच होता. मतभेद नव्हताच, घड्याळ वेगळं होतं.

तुमचे स्वतःचे प्रश्न

एपीएमध्ये प्रश्न विचारायला मनाई नाही. संशोधनाचा मुख्य प्रश्न प्रस्तावनेच्या शेवटाकडे थेट प्रश्न म्हणून लिहिला तरी चालतो. अडचण होते ती वक्तृत्व स्पर्धेतल्या सवयीची. “आपण कधी जागे होणार?” “याला जबाबदार कोण?” टाळ्या मिळतात, पण निबंध पुढे जात नाही. माझी कसोटी साधी आहे: या प्रश्नाचं उत्तर माझ्या निबंधात कुठल्या पानावर आहे? पान दाखवता आलं तर प्रश्न राहतो, नाहीतर त्याचं विधान करायचं आणि विधानाला पुरावा द्यायचा.

दुसरी गोष्ट, प्रश्नाच्या पोटात उत्तर लपवू नका. आमच्या तालुक्यात माकणीला निम्न तेरणा धरण आहे. लहानपणापासून गावात ऐकलंय की भूकंप धरणामुळे झाला. मी प्रश्न लिहिला होता: “माकणीच्या धरणामुळे भूकंप कसा झाला?” या “कसा” ने “झाला” हे आधीच गृहीत धरलं. धरणाच्या पाण्याचा संबंध असू शकतो का, यावर शास्त्रज्ञांमध्ये चर्चा झाली आहे. कोयनेच्या भूकंपाचं उदाहरण जगभर देतात, म्हणून शंका येणं रास्तच. पण रास्त शंका आणि सिद्ध झालेली गोष्ट यात फरक आहे. बदललेला प्रश्न: “माकणीच्या धरणाचा १९९३ च्या भूकंपाशी संबंध होता का, याबाबत अभ्यासकांनी कोणते पुरावे मांडले आहेत?” लांबला, पण आता त्याचं उत्तर शोधता येतं. घरी काकांना हा बदल अजिबात आवडला नाही. “झालाच की तिच्यामुळं, त्यात विचारायचं काय,” असं त्यांचं म्हणणं. त्यांचं मत मी मुलाखतींमध्ये घेतलं.

गुगल फॉर्मवर लोकांना विचारायचे प्रश्नही असेच तपासा. “मदत मिळाली का आणि ती पुरेशी होती का?” हे दोन प्रश्न आहेत. एका “हो” मध्ये दोन्हीचं उत्तर बसत नाही. पूर्ण प्रश्नावली निबंधाच्या पोटात कोंबू नका, शेवटी परिशिष्टात जोडा.

फोनवर टाइप करताना

प्रश्नचिन्हाआधी स्पेस देऊ नका. “का ?” असं लिहिलं की ओळ भरल्यावर प्रश्नचिन्ह एकटंच खालच्या ओळीत जाऊन बसतं. बहुतेक कीबोर्डवर पूर्णविरामाचं बटण दाबून धरलं की प्रश्नचिन्ह समोर येतं, दरवेळी चिन्हांच्या पानावर जायची गरज नाही. अवतरणचिन्हं सरळ वापरा नाहीतर वळणाची, पण दोन्हींची मिसळ नको. व्हॉट्सॲपवरून कॉपी-पेस्ट केलं की ही मिसळ हमखास होते.

जुन्या मराठी पीडीएफमधून कॉपी केलं आणि भलतीच अक्षरं आली तर फाइल खराब नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये ती बनलेली असते. त्यात अक्षरांसोबत विरामचिन्हांचीही अदलाबदल होते, म्हणून फाँट कन्व्हर्टरमधून काढलेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहावा लागतो. गुगल लेन्सने पानाचा फोटो घेऊन मजकूर उचलला तरी तेच.

एआय चॅटबॉटची मदत घेतली असेल तर तिथे प्रश्न तुमचा असतो आणि उत्तर मशीनचं. एपीए म्हणतं, काय विचारलं ते मजकुरात सांगा आणि ज्या कंपनीचं टूल आहे तिला लेखकाच्या जागी ठेवून संदर्भ द्या. कॉलेजला एआय चालतं का, हे आधी विचारा. आणि चॅटबॉटने दिलेला संदर्भ स्कॉलरवर शोधल्याशिवाय वापरू नका. अस्तित्वातच नसलेले पेपर तो पान क्रमांकासकट देतो.

सबमिट करण्याआधी मी एक काम केलं, तुम्हीही करा. गुगल डॉक्सच्या ॲपमध्ये वरच्या तीन टिंबांवर टॅप करून “फाइंड अँड रिप्लेस” उघडा आणि शोधाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह टाका. एकेक प्रश्न समोर येतो. प्रत्येकापाशी थांबून सरांचे ते तीन शब्द म्हणा. माझ्या प्रोजेक्टमध्ये तेवीस निघाले होते. चौदा काढले. राहिलेल्या नऊपैकी पाच माझे, तीन पेपरांमधले आणि एक आजींचा.